क्वाय नदीचा पूल एका दिवसात उरकावा का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते वाचणाऱ्यांनाही कळेल. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही पाच रात्रींसाठी बँकॉकला चालला आहात. बरोबर यजमान, 11 वर्षांचा मुलगा आणि 72 वर्षांचे सासरे. एजंटने ‘क्वाय नदीचा पूल आणि डेथ रेल्वे’ अशी एक दिवसाची सहल सुचवली आहे, त्यातच फ्लोटिंग मार्केट आणि हत्तीसुद्धा. ती घ्यावी का, मुलाला ते सगळं झेपेल का, हे तुम्ही विचारलंत. आणि अगदी शेवटी, जाता जाता म्हणावं तसं लिहिलंत की आजेसासरे दुसऱ्या महायुद्धात ‘बर्म्याला’ होते, तर त्यांचं काही तिथे सापडेल का?

मी गेली 18 वर्षं टूर मॅनेजर म्हणून मराठी ग्रुप थायलंडला नेतो. हा पूल ज्या गावी आहे त्या कांचनाबुरीला किती वेळा गेलो ते आता मोजत नाही. माझ्या मते तुमचा शेवटचा प्रश्न हाच खरा पहिला आहे. सासऱ्यांच्या मनात वडील आहेत म्हणून हा विषय निघाला, नाहीतर पाच रात्रींच्या बँकॉक सहलीत कांचनाबुरीचं नाव सहसा कोणी काढत नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आजेसासऱ्यांचं नाव तिथे सापडण्याची आशा ठेवू नका. ही रेल्वे जपानी लष्कराने बांधून घेतली, ती ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच आणि थोड्या अमेरिकन युद्धकैद्यांकडून, आणि त्यांच्या कितीतरी पट आशियाई मजुरांकडून. आपले बर्मा आघाडीवरचे बहुतेक जवान समोरच्या बाजूने, म्हणजे आसाम-मणिपूरकडून लढत होते. तरी संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे. 1942 च्या जूनमध्ये मिडवेच्या लढाईत जपानी आरमाराला जबर फटका बसला आणि समुद्रमार्गे रंगूनला रसद पोचवणं धोक्याचं झालं. म्हणून थायलंडमधल्या बान पोंगजवळून बर्मातल्या थानब्यूझायापर्यंत 415 किलोमीटरची रेल्वे डोंगर-जंगलातून काढायची ठरली. 1942 च्या मध्यात काम सुरू झालं आणि ऑक्टोबर 1943 मध्ये दोन्हीकडचे रूळ जुळलेसुद्धा. ज्या जपानी फौजेला ही रेल्वे रसद पुरवणार होती, तीच फौज मार्च 1944 मध्ये इंफाळ-कोहिमावर चालून आली. तेव्हा सांगशाकला तिला अडवून धरणाऱ्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. तेव्हा सासऱ्यांना एवढं सांगा: वडिलांच्या समोर जे उभे होते त्यांचा दाणागोटा या रुळांवरून येत होता. माझ्या ग्रुपमधल्या फौजी घरच्या माणसांना हे कळलं की ती जागा त्यांना परकी वाटत नाही.

आता एजंटच्या सहलीकडे वळू. त्या कागदावर ‘डेथ रेल्वे’ हे एकच नाव दिसतं, पण प्रत्यक्षात ठिकाणं लांब लांब पसरलेली आहेत. बँकॉकपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर कांचनाबुरी गाव. (नाव म्हणजे आपली कांचनपुरीच, अर्थ सांगायची गरज नाही.) गावात मोठी युद्ध-दफनभूमी, तिच्यासमोर एक उत्तम संग्रहालय, आणि तिथून दोन-तीन किलोमीटरवर तो प्रसिद्ध लोखंडी पूल. पुलावरून आजही गाडी जाते, ती नदीकाठच्या कड्याला चिकटलेल्या लाकडी खांबांच्या पुलावरून पुढे नाम टोक स्टेशनपर्यंत. रूळ तिथे संपतात. आणि जिथे माणसांनी डोंगर फोडला ती खिंड, हेलफायर पास, त्याच्याही पुढे रस्त्याने अठरा-वीस किलोमीटरवर. गावापासून धरलं तर सुमारे 80. म्हणजे गाडीत बसून खिंड दिसत नाही. हा घोळ दर वर्षी कोणाचा ना कोणाचा होतो: गाडीचं तिकीट काढतात, नाम टोकला उतरतात आणि मग विचारतात, खिंड कुठाय?

एक दिवसाच्या स्वस्त सहलीत नेमकी हीच खिंड गाळलेली असते, कारण ती लांब आहे आणि तिथे कमिशन मिळेल असं दुकान नाही. माझ्याकडूनही हे पाप घडलंय. दुसऱ्याच वर्षी 34 जणांचा ग्रुप घेऊन गेलो होतो. पूल, गाडी, जेवण, मार्केट. गाडीत एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं, ‘‘हे रूळ ज्यांनी टाकले ते लोक आता कुठे आहेत?’’ कोच तेव्हा दफनभूमीवरून जाणार होता, पण थांबणार नव्हता, वेळापत्रकात बसत नव्हतं. मी काचेतून बोट दाखवून म्हणालो, ‘‘ते बघा, तिथे.’’ सर काही बोलले नाहीत. पुढच्या मोकळ्या आठवड्यात मी स्वतःच्या पैशाने जाऊन तिथे दोन दिवस राहिलो. आज जे सांगतोय ते त्या दोन दिवसांपासूनचं.

पुलाबद्दल माझं मत थोडं कडू आहे. पूल बघा, नाही म्हणत नाही. त्याच्या कमानदार लोखंडी गाळ्यांकडे आणि मधल्या दोन सरळ, कोनदार गाळ्यांकडे मुलाला बघायला सांगा. कमानदार गाळे युद्धातले, जावाहून आणलेले. कोनदार दोन नंतरचे, बॉम्बफेकीत पडलेल्या गाळ्यांच्या जागी युद्धानंतर बसवलेले. एवढ्या एका फरकात पुलाचा इतिहास दिसतो. पण बाकी तिथे जत्रा असते: टी-शर्ट, नारळपाणी, रुळांवर सेल्फी. गंमत म्हणजे ज्या गाजलेल्या इंग्रजी सिनेमामुळे हा पूल जगाला ठाऊक झाला त्याचं चित्रीकरण श्रीलंकेत झालं, आणि पुलाखालच्या नदीचं नाव तेव्हा क्वाय नव्हतंच. पर्यटक ‘क्वाय’ शोधत यायला लागले म्हणून 1960 मध्ये नदीच्या त्या भागाला ‘ख्वे याय’ असं नवीन नाव दिलं. नोव्हेंबरअखेर पुलावर आतषबाजी आणि ध्वनिप्रकाशाचा सोहळा असतो, तेव्हा गर्दी विचारू नका. तुम्ही दिवाळीत जाताय, त्याच्या आधीच परत याल.

खिंड मात्र चुकवू नका. थाई लोक तिला ‘चोंग खाओ खात’ म्हणतात, म्हणजे तुटलेल्या डोंगराची वाट. रस्त्यालगत ऑस्ट्रेलियन सरकारने 1998 मध्ये उघडलेलं एक संग्रहालय आहे. प्रवेश विनामूल्य, ऐच्छिक देणगीची पेटी. तिथे ऑडिओ गाइड मिळतो तो जरूर घ्या. त्यात जिवंत परतलेल्या कैद्यांचे स्वतःचे आवाज आहेत. मराठी-हिंदीत नाही, इंग्रजीत आहे. सासऱ्यांसाठी यजमानांनी अधूनमधून थांबवून सांगावं लागेल. मागच्या सज्जातून खाली पूर्ण दरी दिसते. तिथून पायऱ्या उतरत गेलात की बांबूच्या बनातून तुम्ही जुन्या रेल्वेच्या सपाट पट्टीवर येता, आणि थोडं चालल्यावर दोन्ही बाजूंनी दगड अंगावर येतो.

तिथे मी ग्रुपला काही बोलत नाही, फक्त कातळाला हात लावायला सांगतो. भिंतीवर उभ्या, अर्धगोल खाचा दिसतात, बोट घातलं तर बसेल अशा. ही सुरुंगाची भोकं. एक माणूस पोलादी कांब धरून बसायचा, प्रत्येक ठोक्यानंतर ती थोडी फिरवायची. दुसरा आठ पौंडी घणाने ठोकायचा. भोक पुरेसं खोल गेलं की दारू भरून उडवायचं, आणि फुटलेला दगड टोपल्यांनी, हातांनी बाहेर. एके ठिकाणी ती कांब मोडून दगडातच रुतलेली आहे, गंजून काळी पडलेली. तो घण मारणारा कोण, त्यानंतर त्याचं काय झालं, ते कोणालाच ठाऊक नाही. एप्रिल ते ऑगस्ट 1943 मध्ये ही खिंड फोडली. काम लवकर संपवण्याचा तगादा असल्याने रात्रीही चालायचं, पेटवलेल्या बांबूंच्या आणि मशालींच्या उजेडात. वरून बघताना हाडं दिसणारी माणसं, आग आणि सावल्या असं ते दृश्य दिसायचं, म्हणून कैद्यांनीच तिला नरकाग्नीचं नाव दिलं. त्याच पावसाळ्यात तळांवर पटकी आली.

युद्धानंतर जंगलाने सगळं गिळलं होतं. टॉम मॉरिस नावाचा एक ऑस्ट्रेलियन माजी कैदी 1980 च्या दशकात परत येऊन ही जागा शोधून काढतो आणि सरकारच्या मागे लागतो, तेव्हा कुठे ती जपली गेली. कैद्यांचे लाडके सर्जन ‘वेअरी’ डनलॉप यांच्या अस्थीही इथेच विखुरल्या आहेत. बांबूच्या नळ्यांनी सलाइन द्यायची वेळ आलेल्या डॉक्टरांपैकी ते एक. दर वर्षी 25 एप्रिलला पहाटे ऑस्ट्रेलियन लोक इथे अंधारात उभे राहून मानवंदना देतात.

मुलाबद्दल. 11 वर्षं हे वय मला योग्य वाटतं, पण मूल कसं आहे ते तुम्हालाच माहीत. संग्रहालयात उपाशी, सापळा झालेल्या माणसांचे फोटो आहेत, आजारांचं वर्णन आहे. रक्तबंबाळ असं फार नाही, पण अंगावर येतं. रात्री दचकून उठणारं, हळवं मूल असेल तर फोटोंच्या भिंतींवरून झटकन पुढे न्या आणि खिंडीत जास्त वेळ द्या. निघण्यापूर्वी घरीच सांगून ठेवा: तिथे माणसांना जबरदस्तीने कामाला लावलं होतं, पुष्कळ जण मेले, आपण ती जागा बघायला जातोय. तिथे पोचल्यावर पहिल्यांदा कळू देऊ नका. मुलं फोटोंपेक्षा वस्तूंना धरून बसतात असा माझा अनुभव आहे. ठाण्याच्या एका सहावीतल्या मुलीने ती रुतलेली कांब बघून वडिलांना विचारलं, ‘‘मग ती मोडल्यावर त्याला मारलं असेल का?’’ वडील माझ्याकडे बघायला लागले. खोटं सांगायचं नव्हतं, म्हणून मी ‘‘मारलं असेल’’ म्हणालो. ती घाबरली नाही, पण परतताना गप्प होती. तुमच्या मुलानेही असलं काही विचारलं तर उत्तर टाळू नका.

सासऱ्यांचं गुडघ्यांवर अवलंबून आहे. खाली जायला शंभरावर पायऱ्या आहेत आणि तेवढ्याच परत चढायच्या. तळाशी खडी आहे, चपलेत पाय मुरगळतो. गुडघे बरे असतील तर काठी घेऊन, सकाळी, थांबत थांबत जावं. पर्वतीच्या निम्म्या पायऱ्या एका दमात चढवत असतील तर काळजी नको. नाहीतर संग्रहालय आणि सज्जा एवढंही पुरेसं आहे. तिथे बसायला जागा आहे, एकाने सोबत थांबावं. खिंडीपलीकडेही वाट काही किलोमीटर जाते, ती तुमच्या ग्रुपला नको.

आता दफनभूमी. गावात, रस्त्याला लागून, सहा हजार 982 जणांची. हिरवळीवर ओळीने ठेंगण्या शिळा, त्यांवर नाव, पलटण, वय. वयं वाचत चला: 22, 24, 21, 30. काही शिळांवर तळाशी घरच्यांनी निवडलेली एक ओळ असते. अमेरिकन सैनिकांचे अवशेष त्यांच्या देशाने परत नेले, त्यामुळे इथे आहेत ते ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि डच. दोन कबरींत तर 300 जणांची एकत्र राख आहे, निएके तळावर 1943 च्या मे-जूनमध्ये गेलेल्यांची.

प्रवेशद्वाराच्या इमारतीत बहुतेक लोक थांबत नाहीत. तुम्ही थांबा. तिथे अविभाजित हिंदुस्थानच्या सैन्यातल्या 11 जणांची नावं कोरलेली आहेत. थायलंडमधल्या मुस्लिम दफनभूमींत पुरलेले हे जवान. त्यांच्या कबरी राखणं शक्य झालं नाही म्हणून नावं इथे. सासऱ्यांना ती पाटी दाखवा.

आणि मग शिक्षकांचा तो प्रश्न उरतोच. साठ हजारांवर युद्धकैदी या कामावर होते, त्यातले बारा हजारांहून अधिक गेले. त्यांचे अधिकारी, डॉक्टर बरोबर होते, कोण कुठे पुरला याच्या नोंदी ते लपवून का होईना ठेवत होते. म्हणून युद्धानंतर त्यांना शोधून इथे आणता आलं. आशियाई मजूर दोन लाखांच्या आसपास होते: बर्मी, जावानीज, मलय, चिनी, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांतले आपले तमिळ, तेलुगू लोक. आधी मजुरीचं आमिष, मग सरळ मळ्यांतून उचलून आणलेले, कुटुंबांसकट. त्यांत डॉक्टर नव्हता, हजेरीपट ठेवणारं कोणी नव्हतं. पटकी आली तेव्हा तळच्या तळ रिकामे झाले. मेलेल्यांचा अंदाज नव्वद हजारांच्या घरात सांगतात. त्यांच्यासाठी हिरवळ नाही, शिळा नाही. दफनभूमीला लागूनच वाट थावोर्न नावाचं देऊळ आहे, त्याच्या आवारात या मजुरांच्या अस्थींवर बांधलेलं एक स्मारक आहे. कोणताही एजंट तिथे नेत नाही. पाच मिनिटांचं चालणं आहे. देवळात शिरताना गुडघे-खांदे झाकलेले असू द्या. मला तिथे दर वेळी बोरघाट आठवतो. आपण लोणावळ्याला जाताना बोगदे मोजत चिक्कीचा विचार करतो. तो घाट फोडताना हजारो मजूर गेले, त्यांतल्या कितींची नावं आपल्याला येतात?

संग्रहालयांच्या नावांत एक गोंधळ आहे तेवढा लक्षात ठेवा. दफनभूमीसमोरचं ‘थायलंड-बर्मा रेल्वे सेंटर’ सगळ्यांत नेटकं. नकाशे, आकडे, का आणि कसं, सगळं क्रमाने. वरच्या मजल्यावर चहा-कॉफी घेत खिडकीतून दफनभूमी दिसते. याला तिकीट आहे, ते वसूल होतं. दुसरं ‘जीथ’, नदीकाठी वाट चाय चुम्फोन देवळात, 1977 मध्ये भिक्षूंनी उभारलेलं. जपान, इंग्लंड, अमेरिका-ऑस्ट्रेलिया, थायलंड, हॉलंड यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते नाव. कैद्यांच्या बांबूच्या झोपडीची प्रतिकृती आहे, जुनाट, थोडं धुळकट, पण प्रामाणिक. तिसरं पुलाशेजारचं खाजगी, याच्याशी मिळतंजुळतं नाव लावणारं, नाना वस्तूंची खिचडी. रिक्षावाला तुम्हाला तिसऱ्याकडे नेईल. वेळ कमी असेल तर फक्त पहिलं.

माझा सल्ला म्हणजे एक रात्र कांचनाबुरीत राहा. बँकॉकची एक रात्र कमी करा, कोणी रडणार नाही. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत गावात: सेंटर, दफनभूमी, देऊळ. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर पूल. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला खिंडीच्या संग्रहालयाच्या दारात हजर. तिथून उतरून, दुपारी एकच्या सुमाराची गाडी नाम टोकहून परत पकडायची, म्हणजे लाकडी पुलावरून जाणंही होतं. गाडी तिसऱ्या वर्गाची, पंख्यांची, खिडक्या उघड्या. मुलाला फार आवडेल. परतीच्या दिशेने नदी उजवीकडे दिसते, तिकडे बसा. परदेशी प्रवाशाला तिकीट आजवर 100 बाट पडत आलंय. गाडीच्या वेळा हॉटेलवाल्याकडून आदल्या रात्री पक्क्या करा, आणि व्हॅनला तुम्हाला पुढच्या स्टेशनवर घ्यायला सांगा.

राहणं जमतच नसेल तर एकाच दिवसात, पण स्वतंत्र व्हॅन करून: सकाळी साडेसहाला निघून थेट खिंड, परतताना दफनभूमी आणि सेंटर, उजेड असेल तर पूल. फ्लोटिंग मार्केट आणि हत्ती त्या दिवशी नकोत. सकाळी पटकीबद्दल ऐकायचं आणि दुपारी हत्तीला केळी द्यायची, मुलाच्या डोक्यात दोन्हीचा काला होतो.

दिवाळीचा काळ चांगला आहे, पाऊस ओसरत असतो. मे महिन्याच्या सुट्टीत विचारलं असतंत तर सासऱ्यांना घेऊन जाऊ नका म्हणालो असतो, तिथला उन्हाळा विदर्भाची आठवण करून देतो. जेवणाचं म्हणाल तर थाई ‘भाजी’तही माशांचं सॉस असतंच, शाकाहारी असाल तर ‘किन जे’ असं सांगा, पिवळ्या झेंड्याची दुकानं बघा, आणि त्या दिवसापुरत्या दशम्या-चटणी बरोबर ठेवा. फक्त त्या दफनभूमीत उघडू नका. हे सांगावं लागतं, कारण मी हिरवळीवर डबे सोडलेले बघितले आहेत. चार शिळा पलीकडे एक वयस्क इंग्रज बाई कबरीजवळ जमिनीवर बसली होती.

राहता राहिले आजेसासरे. निघण्याआधी घरातली जुनी ट्रंक उघडून बघा. डिस्चार्जचं पुस्तक, पेन्शनचा कागद, पदकाच्या कडेवर कोरलेला नंबर, यातलं काहीही. त्यावर पलटण असते. नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, आणि मराठा पलटणीतले असतील तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला लिहा. पलटण कळली की ते बर्म्यात कुठे होते ते बरंचसं शोधता येतं. सापडलं तर मला कळवा, इंफाळला कुठे जायचं ते मग बघू.